माणगा स्विंडनला नेऊ का? आणि बांबूचे बाकी प्रश्न

मागच्या अंकात परसातल्या बांबूच्या बेटावर अर्धं पान लिहिलं काय आणि पत्रांचा, व्हॉट्सअ‍ॅपचा असा पूर आला की आंबा आणि मिरवेलवाल्यांची पत्रं पुढच्या महिन्यावर ढकलावी लागली, त्यांनी रागावू नये. गंमत म्हणजे निम्मे प्रश्न गोव्यातल्या बांबूचे नाहीतच, थंड देशातल्या बांबूचे आहेत. आता घरटी एक माणूस बाहेर, त्यामुळे हे व्हायचंच. पत्रं थोडी कापून घेतलीयत.

म्हापशाहून एक वाचक:

नमस्कार. मुलगा-सून इंग्लंडला स्विंडनमध्ये असतात. गेल्या वर्षी घर घेतलं, मागे छोटीशी बाग आहे, पण शेजाऱ्यांच्या खिडक्या सरळ आत बघतात. मी जूनमध्ये तिकडे जाणार. आमच्या परसात सासऱ्यांनी लावलेलं माणगा बांबूचं बेट आहे. त्याचे दोन कंद ओल्या फडक्यात गुंडाळून बॅगेतून नेले तर तिथे लागतील का? सून म्हणते, तिथे बांबू लावला तर शेजारी भांडायला येतात. खरं का?

उत्तर:

ताई, कंद नेऊ नका. आणि सून बरोबर बोलतेय, पण अर्धंच.

आधी बॅगेचं. लावायचं रोप किंवा कंद इंग्लंडात न्यायचा तर इथल्या प्लांट क्वारंटाइनवाल्यांचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे कीड-रोग नसल्याचा दाखला, लागतं. ते नसेल आणि एअरपोर्टवर मातीचा कंद सापडला तर काढून घेतात, आणि मला विचाराल तर बरंच करतात, त्या मुठभर मातीतून कुठली कीड कुठे जाते ते आपल्याला डोळ्यांनी दिसत नाही. पण समजा सगळे कागद केले, फी भरली, तरी उपयोग नाही. माणगा हा आपल्या किनारपट्टीचा, सिंधुदुर्ग, गोवा, कारवार ते खाली केरळपर्यंतचा. गोव्यात जानेवारीत पहाटे पारा २० वर आला की आपण कपाटातली शाल काढतो, त्या माणग्याने जन्मात साधारण एवढीच थंडी बघितलेली असते. स्विंडनला हिवाळ्यात रात्रीचा पारा शून्याखाली जातो आणि एकदा नाही, बरेचदा जातो. जून ते सप्टेंबर तो छान हिरवा दिसेल, तुम्ही फोटो पाठवाल, आणि फेब्रुवारीपर्यंत पेंढा झालेला असेल.

आता मुद्द्याचं, हे एकदा डोक्यात बसलं की खालची सगळी पत्रं सोपी होतात. बांबूचे कंद दोन तऱ्हेचे. मी एकाला बसणारा म्हणतो, दुसऱ्याला चालणारा. बसणाऱ्याचा कंद आखूड, जाडजूड, आल्याच्या गड्ड्यासारखा, त्याचं टोक वर वळतं आणि तीच नवी काठी होते, म्हणून कोंब जुन्या काठीच्या पायाशीच येतो आणि बेट तयार होतं. आपल्याकडचे माणगा, कळक, चिवार सगळे बसणारे. चालणाऱ्याचा कंद बोटाएवढाच जाड पण लांबच लांब, जमिनीखालून आडवा पळतो, हरळीसारखा. बांबू शेवटी गवतच ना! प्रत्येक पेराला एक डोळा, वर्षाला मीटर-दोन मीटर तो सहज सरकतो आणि कुठला डोळा कुठे वर येईल ते त्याचं तोच ठरवतो. तुमच्या कुंपणापलीकडच्या लॉनमध्येसुद्धा.

इंग्लंडात भांडणं होतात ती या चालणाऱ्यांवरून, फिलोस्टॅकिस नावाच्या गटावरून. काळ्या काठीचा, पिवळ्या काठीचा म्हणून दुकानात जे देखणे बांबू मिळतात ते बहुतेक हेच. पण थंडी सोसणारा बसणारा बांबूही आहे, त्याचं नाव फार्गेशिया. चीनच्या उंच डोंगरातला, पांडा खातात त्यातलाच. उणे १५ त्याला काहीच नाही, काही जाती उणे २५ सुद्धा काढतात. स्विंडनची थंडी त्याच्यासाठी म्हणजे आपली कार्तिकातली हवा. सुनेला सांगा, तिथल्याच गार्डन सेंटरमधून फार्गेशिया म्युरिले किंवा फार्गेशिया रुफा आण, मीटर-सव्वा मीटर अंतराने लाव, तीन-चार वर्षांत खिडक्या झाकल्या जातील. मोठी कुंडी घेतली तर पुढच्या वसंतात, कोंब सुटायच्या आधी, करवतीने आतल्या गड्ड्याचे दोन तुकडे करून दोन रोपं होतात. कंदापासून बांबू करायची तुमची हौस तिथे भागेल.

लेबलवर विश्वास ठेवायचा नसेल तर रोप कुंडीतून हलकेच वर उचलून बघायचं. आत कुंडीच्या कडेने दोरीसारखा गोल फिरलेला, ठिकठिकाणी टोक काढलेला कंद दिसला तर तो चालणारा, परत ठेवून द्यायचा. काही वेळा तर प्लास्टिकची कुंडी एका बाजूने फुगलेली असते. हौसेने तोच हवा असेल तर जाड एचडीपीई प्लास्टिकचा पडदा निदान ६० सेंटिमीटर खोल गाडावा लागतो, वरची कड जमिनीच्या वर चार बोटं ठेवून आणि थोडा बाहेरच्या बाजूला कलता, म्हणजे कंद त्याला थडकला की खाली न जाता वर येतो, दिसतो आणि कापता येतो. दर वर्षी एक चक्कर मारून कापायचं, विसरलात की शेजारी आठवण करून देतीलच.

मूळ गोव्यातल्या साखळीचे, सध्या कॅनडात ब्रॅम्प्टनला असणारे वाचक:

दादा, तुमचं सदर आई फोटो काढून पाठवते. इथे ऑनलाइन एका नर्सरीकडून बांबूचे राइझोम, म्हणजे कंद, मागवले, फिलोस्टॅकिस बिसेटी असं लिहिलंय. सहा तुकडे आले, दोन मऊ आणि काळपट. बाकीचे कसे लावू? इथे हिवाळ्यात उणे २० होतं, लोक हसतायत.

उत्तर:

हसू दे. मी मुलीकडे टोरोंटोला सहा महिने राहिलोय, डिसेंबर-जानेवारी धरून, आणि तिच्या गल्लीत एका घरासमोर बर्फातून डोकं काढून उभा असलेला हिरवा बांबू रोज बघायचो. होतं. पण तुमची गाठ थंडीशी आहे असं तुम्हाला वाटतंय ना, तिथेच थोडी गफलत आहे. त्यावर येतो.

आधी तुकडे. मऊ, काळपट, वास येणारे ते दोन फेकून द्या आणि विक्रेत्याला फोटो पाठवा. बाकीच्या चारांची टोकं धारदार चाकूने अगदी चकतीभर कापा. आत हस्तिदंतासारखा पांढुरका, भरीव, थोडा ओलसर दिसला तर जिवंत. तपकिरी आणि भुसभुशीत दिसला तर गेला. मग डोळे मोजा. पेराच्या रिंगणापाशी एक आड एक बाजूला टोकदार, खवल्यांनी झाकलेला फुगवटा असतो, तो डोळा. तुकडा एक-दीड फूट लांब आणि त्यावर तीन-चार टपोरे डोळे असतील तर पास. मुळ्या काळ्याभोर आणि डोळे चपटे, सुकलेले म्हणजे कंद म्हातारा, त्यातून फार आशा नको. दोन-तीन वर्षांचा कंद सगळ्यात चांगला.

प्रवासात सुकून आलेत तर अर्धा तास साध्या पाण्यात ठेवा, रात्रभर नको. लांबट ट्रेमध्ये किंवा उथळ टबात, तळाला भोकं पाडून, भुसभुशीत मातीत आडवे झोपवा, डोळे डाव्या-उजव्या बाजूला येतील असे, वर चार बोटं माती. लोक चूक करतात ती इथे, कंद उभा खोचतात, ऊस लावल्यासारखा. आडवाच. उजेडात पण गार खोलीत ठेवा, माती पिळलेल्या फडक्याएवढी ओली, चिखल नाही. पाणी जास्त झालं की कोंब यायच्या आधी कंद कुजतो आणि तुम्ही वाट बघत बसता. महिना-दोन महिन्यांत कोंब येईल, आणि तो कोंब बघून तुम्ही निराश व्हाल, कारण तो उदबत्तीएवढा असतो. तसाच असतो! बांबूची काठी जमिनीतून जेवढी जाड बाहेर येते तेवढीच जाड मरेपर्यंत राहते, झाडासारखं खोड भरत नाही. पुढच्या वर्षीचे कोंब त्याहून जाड, त्याच्या पुढच्या वर्षीचे आणखी. माळी लोक इंग्रजीत म्हणतात पहिल्या वर्षी झोपतो, दुसऱ्या वर्षी रांगतो, तिसऱ्या वर्षी उडी मारतो, आणि हे अनुभवाने खरं आहे. झोपलेल्या पोराला उठवून खत घालू नका.

बाहेर लावायचं मेच्या शेवटाला, तुमच्याकडे व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीला सगळे रोपं लावतातच, तेव्हा. ऑगस्टनंतर खत बंद, नाहीतर कोवळी वाढ थंडीच्या तोंडात सापडते.

आता थंडीचं. बिसेटीची पानं साधारण उणे २० च्या आसपास जळायला लागतात, आणखी खाली गेलं तर काठ्यासुद्धा वरून मरतात, पण जमिनीखालचा कंद जिवंत राहिला तर मेमध्ये पुन्हा कोंब येतात. म्हणजे तुम्हाला राखायचाय तो कंद. आणि हिवाळ्यात बांबू गारठून जेवढा मरतो त्याहून जास्त तहानेने मरतो. कसं ते बघा. तो सदाहरित, सगळी पानं गाळत नाही. वर ऊन पडलंय, कोरडा वारा सुटलाय, पानांतून पाणी उडतंय, आणि खाली माती गोठलेली, मुळांना प्यायला थेंब नाही. आपल्या मेमधल्या विहिरीसारखंच, फक्त पाणी आहे पण बर्फ झालंय. म्हणून नोव्हेंबरात जमीन गोठायच्या आधी दोन-तीनदा भरपूर पाणी द्या, सगळ्यात जास्त फायदा याचाच. मग बुंध्याशी पालापाचोळा किंवा लाकडाचा भुसा वीतभर जाड पसरा. वाऱ्याच्या बाजूला गोणपाट लावा. पहिली दोन वर्षं काठ्या बारीक असतात, त्या हळूच वाकवून जमिनीवर निजवून वर पाला टाकला आणि बर्फ पडू दिलं तर झकास, बर्फ ही गोधडीच आहे.

अति थंडीत पानं विडीसारखी गुंडाळली जातात. घाबरू नका, पाणी वाचवायची त्याची ती युक्ती, ऊब आली की उलगडतात. आणि बर्फाने काठी वाकून जमिनीला टेकली तरी हात लावू नका. मी लावला होता. शेजाऱ्याला मदत करायची म्हणून शहाणपणा करून काठीवरचं बर्फ झाडूने झटकायला गेलो आणि गोठलेली काठी काचेसारखी कडकन मोडली, एक नाही, दोन. तो माणूस काही बोलला नाही, हे जास्त वाईट वाटलं. आठ दिवसांनी ऊन पडलं तेव्हा न झटकलेल्या काठ्या आपल्या आपण उभ्या राहिल्या.

मार्च-एप्रिलमध्ये सगळं वाळलेल्या गवतासारखं दिसेल तेव्हा लगेच कापून टाकू नका. नखाने काठीवर ओरखडा काढून बघा, आत हिरवं असेल तर पेरापेरातून नवी पानं येतात.

आणि थंडीत चालणारा बांबू कंदापासून लावणं ही काही गोऱ्यांची विद्या नाही. अरुणाचलात झिरो खोऱ्यात, दीड हजार मीटरच्या वर, जिथे हिवाळ्यात दंव गोठतं, तिथे आपातानी लोक पिढ्यानपिढ्या फिलोस्टॅकिसचीच एक जात घराजवळच्या कुंपणात वाढवतात. त्यांचं घर, कुंपण, टोपल्या, सगळं त्याच्यावर.

वाळपईहून एक शेतकरी:

गेल्या वर्षी मेमध्ये माणग्याचे वीस कंद काढून लावले, चौदा मेले. पाणी रोज घालत होतो. काय चुकलं?

उत्तर:

भाऊ, तुमच्या पत्रात दोन गोष्टी लिहिल्या नाहीत, त्याच महत्त्वाच्या: काठी किती वर्षांची होती, आणि काढल्यापासून लावेपर्यंत किती वेळ गेला. फोनवर विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलं की बेटाच्या मधल्या चांगल्या जाड काठ्या निवडल्या, आणि मजूर दुसऱ्या दिवशी आले. झालं, दोन्ही उत्तरं मिळाली.

बसणाऱ्या बांबूत कंदाचे डोळे पहिल्या एक-दोन वर्षांतच फुटतात. तीन-चार वर्षांच्या जाडजूड काठीच्या कंदावरचे डोळे बहुतेक वापरून झालेले असतात, त्यामुळे तो दिसायला पैलवान पण आतून रिटायर. घ्यायची ती गेल्या पावसाळ्यात आलेली, बेटाच्या बाहेरच्या कडेची काठी, जिच्यावर अजून कोंबाचे खवले लटकलेले असतात. ती वर मीटरभर, तीन पेरं ठेवून तिरकी कापायची. मग बाजूची माती पिकासाने मोकळी करून कंद जुन्या कंदाला जिथे जोडलेला असतो ती बारीक मान शोधायची. तिथे एकच घाव, धारदार. बोथट कोयत्याने चार-पाच घाव घातले की मान चिरफाळते आणि तिथून कूज चढते. मुळं शक्य तेवढी ठेवायची, कंद लगेच ओल्या गोणपाटात, सावलीत, आणि त्याच दिवशी खड्ड्यात. मेच्या उन्हात एक रात्र आणि अर्धा दिवस उघडा पडलेला कंद म्हणजे सुकं खोबरं.

पाणी रोज घातलंत ते बरोबर, पण त्या दिवसांत पाणी पुरत नाही, त्यापेक्षा मेच्या अखेरीला काढा आणि मृगाचा पाऊस धरून लावा. त्याहून उशीरही नको, जूनच्या पावसात बेटाला कोंब सुटले की कंदातला साठा तिकडे जातो. खड्डा दोन फूट, शेण आणि पाला घालून, कंद पूर्वी होता त्याहून थोडा खाली. अंतर चार-पाच मीटर. पाणी साचणाऱ्या जागी लावू नका. सखल जागेत लावलेला कंद पावसात बुडून मरतो. आणि माणग्याचं बी आपल्या हाती लागतच नाही, म्हणून कंद नाहीतर काठीचे दोन पेरांचे तुकडे, दोनच रस्ते. वीस कंद काढण्यापेक्षा पाच कंद आणि चाळीस तुकडे लावा, बेटाला पण त्रास कमी.

कोंब आले की माकडं आणि साळींदर आधी येतात, तुम्ही नंतर. पहिली दोन वर्षं काटेरी फांद्यांचं कुंपण करा. आणि घरच्यांना सांगा, किल्लाची, म्हणजे कोवळ्या कोंबांची, भाजी करायची तर जुन्या बेटाची करा, या नव्याला हात लावायचा नाही.

फोंड्याहून एक वाचक:

उत्तराखंडच्या ट्रिपला गेलो होतो, तिथे रिंगाल नावाचा बारीक, फार सुंदर बांबू बघितला, टोपल्या करतात त्याच्या. गोव्यात लावता येईल का? होमस्टेवाला कंद पाठवायला तयार आहे.

उत्तर:

नाही हो. मी करून बसलोय. मुन्सियारीहून तीन कंद आणले होते, माणसाने प्रेमाने खणून दिलेले, मी ते ट्रेनमध्ये मांडीवर घेऊन आलो. पावसाळ्यात इतके छान फुटले की मी नातेवाईकांना वाटायची यादी केली. पुढच्या एप्रिलमध्ये पानं दुपारी विडीसारखी मिटायला लागली, संध्याकाळी उलगडायची, मग उलगडेनाशी झाली. मी शेडनेट लावलं, दिवसातून तीनदा पाणी फवारलं, बायको म्हणाली माझ्यासाठी कधी पंखा असा लावला नाही. मेच्या मध्यावर खेळ खल्लास.

रिंगाल हिमालयात हजार मीटरपासून तीन हजाराच्या वरपर्यंत वाढतो, देवदार-ओकच्या सावलीत. त्याला आपला दिवस नाही मारत, आपली रात्र मारते. रात्री २६-२७ डिग्री आणि घामट हवा, त्याला विसावाच मिळत नाही. म्हापशाच्या ताईंचा माणगा जसा तिकडे नको तसा हा इकडे नको. बारीक काठीच हवी असेल तर आपला चिवार आहे की, काठी सरळ, टोपलीला उत्तम. पण घरचाच म्हणून कोणी विचारत नाही त्याला.

केप्याहून एक वाचक:

आमच्या डोंगरकडेच्या कळकाच्या बेटाला फुलं आलीत. म्हाताऱ्या माणसांच्या मते हे अशुभ. मी त्याचे कंद काढून दुसरीकडे लावले तर बेट वाचेल का?

उत्तर:

वाचणार नाही, आणि का ते समजून घ्या, कारण यात कंदाचं सगळं गुपित आहे.

कंद म्हणजे नवीन झाड नाही, जुन्याच झाडाचा तुकडा. वय त्याच्याबरोबर येतं. फुलायचं घड्याळ त्याच्यात आधीपासून चालू असतं, तुम्ही तो दहा मैलांवर लावा नाहीतर परदेशात, वेळ झाली की फुलणार आणि आपला कळक एकदा फुलला, बी टाकलं की मरतो. म्हाताऱ्यांचं अशुभ उगाच नाही. बांबूचं बी सांडलं की उंदीर माजतात, बी संपलं की ते भाताकडे वळतात. मिझोराममध्ये ४८ वर्षांनी फुलणाऱ्या बांबूमुळे १९५९ साली असाच दुष्काळ पडला, मदत करायला जी फॅमिन फ्रंट उभी राहिली तिचीच १९६१ मध्ये मिझो नॅशनल फ्रंट झाली आणि पुढे तिने सशस्त्र बंड केलं. २००७ च्या सुमाराला तो पुन्हा फुलला.

वर ज्या फार्गेशिया म्युरिलेचं नाव घेतलं त्याचीही हीच कथा. अर्नेस्ट विल्सन नावाच्या इंग्रज माणसाने तो १९०७ मध्ये चीनमधून बाहेर आणला, त्याला नाव मिळालं त्याच्या मुलीचं, म्युरिएलचं. मग युरोप-अमेरिकेत सगळ्यांनी कंद तोडून तोडून वाटून घेतला, म्हणजे हजारो बागांत खरं तर एकच झाड. १९९० च्या दशकात ते सगळीकडे फुललं आणि बागाच्या बागा वाळल्या, लोकांना वाटलं रोग आला. आता नर्सरीत मिळतो तो त्या बियांपासून झालेल्या नव्या पिढीचा. तेव्हा म्हापशाच्या ताईंनी काळजी करू नये, त्यांच्या सुनेच्या आयुष्यात तरी तो फुलायचा नाही बहुतेक.

तुम्ही काय करायचं: कंद राहू द्या, बी गोळा करा. खाली चादर पसरा, पहाटे झाडा, आणि लगेच, म्हणजे या पावसाळ्यातच पेरा, बांबूचं बी फार दिवस टिकत नाही. काठ्या वाळून ठिसूळ व्हायच्या आत कापून विका. उंदरांचं भाताच्या कोठाराशी आधीच बघा.

मडगावहून एक वाचक:

मुलगी बर्लिनला फ्लॅटमध्ये राहते, बाल्कनी आहे, जमीन नाही. तिला बांबू हवाय. माझ्याकडे काचेच्या भांड्यातला लकी बांबू आहे, तो जगेल का बाहेर?

उत्तर:

लकी बांबू हा बांबूच नाही, ड्रॅसिना आहे, आफ्रिकेतला. बाल्कनीत पहिल्या थंडीच्या रात्री त्याचं लक संपेल. तो घरात ठेवायचा.

बाल्कनीत बसणारा फार्गेशिया चालेल, पण कुंडीतला बांबू जमिनीतल्यापेक्षा खूप जास्त थंडी खातो हे मुलीला सांगा. जमिनीत कंदाला फक्त वरून गारवा लागतो, कुंडीत चारी बाजूंनी आणि खालूनसुद्धा. म्हणून लेबलवर उणे २० लिहिलं असेल तर कुंडीत निम्मंच धरायचं. कुंडी मोठी, ४० लिटरच्या वर, मातीची नको, गोठून तडकते. खाली थर्माकोलची लादी, भोवती बबल रॅप आणि वरून गोणपाट, म्हणजे दिसायलाही बरं. भिंतीला चिकटवून ठेवायची, घराची थोडी ऊब मिळते. शरदात त्याची तिसरा हिस्सा पानं पिवळी होऊन पडतात, तेव्हा तिने घाबरून पाणी ओतू नये, ते दर वर्षीचंच आहे त्याचं. मात्र हिवाळ्यात ज्या दिवशी पारा शून्याच्या वर येईल आणि माती बोटाला कोरडी लागेल त्या दिवशी एक तांब्या पाणी, सकाळी. जानेवारीत बाल्कनीत झाडाला पाणी घालताना शेजारी वेड्यासारखे बघतील. बघू दे.